आटपाडीच्या गलाईवाल्यांची साथीतली साक्ष

१९१८ च्या मानमोडीबद्दल, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीबद्दल, आमच्या घरात एकच वाक्य उरलं आहे. "थोरला मुंबईस्नं आला आन् तिसऱ्या दिशी गेला." आजी हे सांगायची, तिनं ते सासूकडून ऐकलं होतं. थोरला म्हणजे माझ्या आजोबांचा थोरला चुलता. तो गिरणीत होता की गोदीत, हे आता कुणाला सांगता येत नाही. बार्शी लाइट रेल्वेनं पंढरपूरला उतरून आला की कराडच्या बाजूनं, वाटेत कुणी पाणी दिलं की हाकललं, त्याला उचलायला कोण पुढं झालं, त्याच्या बायकोनं पुढं काय केलं, यातलं काही उरलेलं नाही. मी आटपाडी तालुक्यातल्या हायस्कुलात तीस वर्षं इतिहास शिकवला. पहिलं महायुद्ध शिकवताना दरवर्षी त्या साथीचा उल्लेख यायचा आणि दरवर्षी मुलांना सांगायला माझ्याकडं घरचं म्हणून एवढं एकच वाक्य असायचं.

आकडे आहेत. त्या साथीत हिंदुस्थानात सव्वा कोटी ते दोन कोटींच्या दरम्यान माणसं गेली असे अंदाज आहेत. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून जास्त. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, खानेसुमारीच्या इतिहासात तसं ते एकच दशक. पण मुंबई इलाख्याच्या हिशेबात आटपाडी शोधायला जाल तर मिळणार नाही. कारण आटपाडी तेव्हा इंग्रजी मुलखात नव्हतीच, ती औंध संस्थानात होती. पंतप्रतिनिधींचं राज्य तुकड्यातुकड्यांचं, औंध एकीकडं, कुंडल दुसरीकडं, आटपाडी तिसरीकडं. संस्थान १९४८ ला विलीन झालं, १९४९ ला दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. दर बदलाला दप्तरं गाड्यांवर चढली आणि उतरली. अशा प्रवासात हुकूम टिकतात, वतनाचे कागद टिकतात, जमिनीचे तर टिकतातच, कारण त्यांच्यासाठी कुणीतरी भांडत असतं. तापानं मेलेल्या हमालासाठी भांडणारं कुणी नसतं.

मला एक योगायोग नेहमी अस्वस्थ करतो. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. त्याचे कागद त्यांना आपल्याच सातारा जिल्ह्यात, वाईला, एरंड्यांच्या घरी सापडले. पानिपतच्या काळातली पत्रं धुळीतून, वाळवीतून वाचवण्यासाठी या माणसानं जन्म जाळला, आणि त्याच्याबद्दल माझ्या मनात भक्तीच आहे. पण तारीख बघा. त्याच वर्षांत प्लेग मुंबईहून पुण्याला आणि पुण्याहून सातारा जिल्ह्यात शिरला होता. घरं ओस पडत होती, माणसं गाव सोडून माळावर खोपी घालून राहत होती. नायगावच्या, म्हणजे सातारा जिल्ह्याच्याच लेक असलेल्या सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वीचं पत्र वाचवणारा महाराष्ट्र त्या दिवसांत, आपल्या डोळ्यांसमोर, घरं धुणाऱ्या भंग्याला, प्रेतं वाहणाऱ्या महाराला, तपासणी नाक्यावर अडवलेल्या हमालाला काही विचारत नव्हता. विचारावं असं कुणाच्या मनातच आलं नाही.

म्हणून मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारनं साथरोग कायदा लागू केला आणि तो १८९७ चाच कायदा आहे असं पेपरात वाचलं, तेव्हा माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हाच, की कायदा तोच आहे तर पोकळीही तीच राहील. सरकारी कागद राहतील. कुणी कुणाला कधी काय फर्मावलं ते राहील. माझ्या तालुक्यातला जो माणूस हजार किलोमीटरवर अडकला, त्याचं काय?

आटपाडी, खानापूर, तासगाव, कवठेमहांकाळ, माण, सांगोला हा आमचा पट्टा देशाला डाळिंबं आणि द्राक्षं देतो हे सगळ्यांना माहीत आहे. तो देशाला गलाईवाले देतो हे बाहेर कमी जणांना ठाऊक. काश्मीरपासून केरळपर्यंत कुठल्याही सराफ पेठेत जा, एखाद्या बोळात, जिन्याखाली, आठ बाय दहाच्या खोलीत भट्टी पेटलेली असते आणि तिच्यासमोर बसलेला माणूस माणदेशी बोलतो. नेपाळातही आहेत. पाऊस नसलेल्या मुलखातल्या धाकट्या मुलांनी हा धंदा धरला. एकानं मेव्हण्याला नेलं, मेव्हण्यानं पुतण्याला, पुतण्यानं वर्गमित्राला. १९७२ च्या दुष्काळानंतर तर घरटी एक माणूस बाहेर. माझे वडील त्यांतलेच. ते कोइमतूरला होते.

काम काय, तर मोडीचं सोनं चोख करायचं. दागिना मुशीत टाकणखार घालून वितळवायचा. त्यात जोखून चांदी मिसळायची, मग तो रस पाण्यात ओतून त्याचे बारीक दाणे पाडायचे आणि ते नायट्रिक ॲसिडमध्ये उकळायचे. चांदी आणि तांबं ॲसिडमध्ये विरघळून जातं, तळाशी उरतो तो तपकिरी चुरा. सोनं आहे हे सांगूनही नवख्याला पटत नाही असा त्याचा रंग असतो. तो धुवायचा, पुन्हा वितळवायचा, की पिवळी लगड. विरघळलेली चांदी तांब्याची पट्टी टाकून परत मिळवायची. उकळताना तांबूस धूर निघतो. तो धूर छातीत जातो. गलाईवाल्याचा खोकला घरातल्यांना भिंतीपलीकडून ओळखू येतो, माझ्या आईला वडील आल्याचं त्या खोकल्यावरून कळायचं.

आणि सगळा धंदा विश्वासावर. सराफ चिठ्ठीवर वजन लिहून लाखांचा माल टाकून जातो, संध्याकाळी लगड घेऊन जातो.

२५ मार्च २०२० ला देशबंदीचा पहिला दिवस उजाडला, त्या दिवशी गुढीपाडवा होता. हे सगळ्यांच्या लक्षात आहे, पण सोन्याच्या धंद्यात त्याचा अर्थ निराळा. पाडव्याच्या मुहूर्तावर महाराष्ट्रात सोन्याची खरेदी, महिन्याभरानं २६ एप्रिलला अक्षय्य तृतीया, तिला दक्षिणेत सोनं घ्यायला रांगा लागतात. म्हणजे वर्षाची कमाई ज्या पाच आठवड्यांत होते, त्याच पाच आठवड्यांवर कुलूप. त्यातच खरसुंडीच्या सिद्धनाथाची चैत्रातली यात्रा. देशभरातले गलाईवाले वर्षातून एकदा गावी येतात ते अशा जत्रा-यात्रांना. त्या साली यात्रा नव्हती, आणि माणसं मात्र कधी आली नव्हती इतकी आली.

ती मे महिन्यात येऊ लागली तेव्हा मी वही घातली. माझे बरेचसे विद्यार्थी याच धंद्यात. मी दाराबाहेर, ते ओट्याच्या टोकाला, अशा अंतरावर बसून आम्ही बोललो. पुढं फोनवर बोललो, पुढं निवांत घरी. इथं मी कुणाचं नाव देत नाही, कारण तसा शब्द दिलेला आहे.

कोइमतूरच्या एका दुकानाची हकिकत मी दोघांकडून घेतली, मालकाकडून आणि त्याच्याकडं कामाला असलेल्या पोराकडून, म्हणजे त्याच्या भाच्याकडून. मालक माझ्या वडिलांच्या ओळखीतला, वयानं साठीचा. तो म्हणाला, "सर, पेठ बंद झाली तवा दुकानात सहा सराफांचा माल हुता. अर्धा ॲसिडात, अर्धा चिठ्ठीवर. द्यायला जायला पोलीस सोडंनात, ठेवायला जीव सोडंना. मी किल्ली कमरंला बांधून भट्टीपाशी झोपायचो." बंदी शिथिल झाल्यावर त्यानं सहाही जणांचा माल गुंजभर फरक न पडता पोचवला. हे सांगताना त्याचा आवाज भरून आला. चाळीस वर्षांचा शब्द त्या दोन महिन्यांत पणाला लागला होता, आणि हे कुठल्याही अहवालात येणार नव्हतं.

पोरगा एकोणीस वर्षांचा. त्याच दुकानाच्या वरच्या माळ्यावर आणखी दोघांबरोबर राहायचा. त्याच्या सांगण्यात सराफ नाहीत, माल नाही, किल्ली नाही. त्याच्या सांगण्यात भात आहे. "चपातीचं पीठ सातव्या दिशी सपलं. मग भातच. खालच्या अक्कानं रसम करायला शिकवलं, भाषा कळत नव्हती, ती चिंच दाखवायची मग मी चिंच घालायचो." रात्री माळा तापायचा म्हणून तिघं आळीपाळीनं जिन्यात झोपायचे. बोली वर्षाची होती, म्हणजे वर्षाचा एकच ठरलेला पगार, आणि बंद महिन्यांचा पगार धरायचा की नाही यावरून पुढं जे झालं ते त्यानं मला सांगितलं आहे.

दोघंही खरं बोलले. पण मी फक्त मालकाकडं गेलो असतो तर 'गलाई बांधवांनी संकटात सचोटी राखली' असं लिहून मोकळा झालो असतो, आणि ते लिहिणं खोटं नसतं तरी अपुरं असतं. 'गलाई बांधव' या दोन शब्दांत मालकही बसतो आणि माळ्यावरचा पोरगाही. एकाच गावचे, बहुतेक वेळा एकाच नात्यागोत्यातले. त्यामुळं पोरगा मामासमोर बोलत नाही, बोलला तरी मामाचीच गोष्ट सांगतो. श्रमिकांच्या आठवणी गोळा करणाऱ्यानं आधी माणसाला एकटं भेटावं, हे मी या धंद्यातूनच शिकलो.

त्रिशूरहून आलेल्या एकाची गोष्ट नाक्यावरची. चौघांनी मिळून गाडी केली होती, प्रत्येकाचा पास फोनमध्ये. कर्नाटक ओलांडून कोगनोळीच्या नाक्यावर आले तेव्हा पहाट होती. रांगेत उभं असताना त्याला खोकला आला. पुढचे मागचे लांब सरकले. पोलिसानं विचारलं तेव्हा त्यानं खिशातून वजनाची चिठ्ठी काढून दाखवली आणि सांगितलं, "साहेब, हा ॲसिडाचा खोकला हाय, बारा वर्षं जुना हाय." कुणाला पटणार? त्याला बाजूला बसवलं, ताप बघितला, पुन्हा तासाभरानं बघितला, मग सोडलं. गावात आल्यावर त्याला प्राथमिक शाळेत ठेवलं, ज्या वर्गात तो तिसरीला होता त्याच वर्गात. जेवण घरून यायचं, डबा फाटकाशी ठेवून बायको लांब उभी राहायची. तो खोकला दाबायला शिकला होता, उशीत तोंड खुपसून खोकायचा, कारण फळीपलीकडच्या वर्गात दिल्लीहून आलेलं एक कुटुंब होतं आणि त्यांची लहान मुलगी खोकल्याचा आवाज आला की रडायची.

या माणसाची छाती कोरोनाआधीच गेलेली होती. त्या धंद्यात किती जणांची गेली आहे, ते कुणी मोजत नाही, कारण दुकानं लहान, विखुरलेली, राज्याबाहेर, कुठल्याच कारखाना-कायद्यात न बसणारी. साथीनं हे जुनं दुखणं क्षणभर उजेडात आणलं. इतिहासकाराला पुढं साथीच्या निमित्तानं या धंद्याचंच आरोग्य वाचता येईल, पण ते वाचायला त्या पहाटेची हकिकत कुठंतरी लिहिलेली हवी.

सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत लेखी उत्तर आलं, की टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मेले याची माहिती सरकारकडं नाही. एक कोटीहून अधिक मजूर आपापल्या राज्यात परतले हा आकडा मात्र त्याच अधिवेशनात दिला गेला. मी ते वाचलं आणि मला आमचा थोरला आठवला. ८ मे २०२० ला औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले, ते सगळ्या देशाला कळलं, कारण ते एका वेळी सोळा होते. एकेकट्यानं गेलेल्यांची नोंद त्यांच्या घरच्या वाक्यात राहणार, आणि वाक्य दोन पिढ्यांत आमच्या आजीच्या वाक्याएवढं होतं.

तरी या वेळी जगभर काहींना वेळेवर जाग आली होती, हेही सांगायला हवं. इंग्लंडात १९३७ साली सुरू झालेला मास ऑब्झर्वेशन नावाचा उपक्रम सामान्य माणसांच्या रोजनिशा जमवतो. त्यांनी १२ मे २०२० या एका दिवसाची रोजनिशी लोकांकडून मागवली आणि हजारोंनी पाठवली. अमेरिकेत ॲरिझोना राज्य विद्यापीठातल्या इतिहासकारांनी मार्च २०२० मध्येच लोकांच्या आठवणी, चित्रं, संदेश साठवायला सुरुवात केली आणि त्या संग्रहाला डॅनिएल डिफोच्या पुस्तकाचं नाव दिलं. डिफो लंडनच्या १६६५ च्या प्लेगच्या वेळी पाचेक वर्षांचा होता आणि त्याचं पुस्तक आलं १७२२ ला. मधली सत्तावन्न वर्षं त्यानं आकड्यांच्या पत्रकांनी आणि ऐकीव गोष्टींनी भरून काढली. आपल्याकडं पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेल्या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहानं टाळेबंदीतल्या मजुरांच्या मुलाखती घेतल्या, त्या मराठीतही वाचायला मिळतात. 'स्वान' या स्वयंसेवकांच्या गटानं अडकलेल्या मजुरांचे फोन घेता घेता त्यांच्याजवळ किती रेशन, किती पैसे उरलेत ते टिपलं आणि एप्रिल २०२० मध्येच त्याचा अहवाल काढला. मदत करता करता झालेली ही नोंद मला सगळ्यात मोलाची वाटते. तिच्यात पुढं काय होणार हे माहीत नसलेल्या माणसाचा आवाज आहे.

हा मुद्दा मला माझ्याच विद्यार्थ्यांच्या फोनमुळं उमगला. कोइमतूरच्या त्या पोरानं एप्रिल २०२० मध्ये आईला आवाजी संदेश पाठवले होते. तिनं ते पुसले नव्हते. मी ऐकले. त्यांत तो रडतो, "आई, मी येतो गं, कायबी करून येतो," म्हणतो, मध्येच गप्प होतो, मागं पंख्याचा आवाज येत राहतो. तीन वर्षांनी त्यानं मला तीच हकिकत सांगितली तेव्हा तो हसत होता, रसम कसं नासलं ते रंगवून सांगत होता, रडल्याचं त्याला आठवतही नव्हतं. यातलं एक खरं आणि दुसरं खोटं असं नाही. माणूस जगून बाहेर पडला की आपल्या भीतीची गोष्ट वेगळी सांगतो. म्हणून दोन्ही ठेवायचे, आणि दोन्हींवर तारीख घालायची. तारीख नसलेली आठवण इतिहासाच्या फारशी उपयोगाची नसते, हे मी प्रत्येकाला सांगतो. आणि फोन बदलायच्या आधी ते संदेश दुसरीकडं उतरवून घ्या, हेही. शंभर वर्षांपूर्वी वाळवी कागद खायची तर तिलाही काही वर्षं लागायची, फोन पाण्यात पडला की एका क्षणात एक आख्खं दप्तर जातं.

बायकांकडं मी उशिरा पोचलो, माझी पत्नी बरोबर आली तेव्हाच दारं उघडली. गलाईवाल्याची बायको गावात असते तेव्हा तिचं घर महिन्याच्या पैशांवर चालतं. मार्चचे पैसे आले, एप्रिलचे आले नाहीत. हस्त बहराची डाळिंबं त्या दिवसांत झाडावर तयार होती, बाजार बंद, मग बागेतला रोजगारही बंद. एकीनं शेळ्या विकल्या, पडत्या भावानं. दुसरीनं ऑगस्टमध्ये गळ्यातलं मोडलं. त्या महिन्यात दहा ग्रॅम सोन्याचा भाव छप्पन्न हजारांच्या वर गेला होता. "भाव आला म्हणून मोडलं का?" असं माझ्या पत्नीनं विचारलं, तर ती म्हणाली, "भाव मला काय ठावं वयनी, कर्जवाला दारात बसला हुता." तिचा नवरा तीन दशकं दुसऱ्यांचे मोडलेले दागिने वितळवत आला आहे. तिला मोड किती तोळ्याची होती ते गुंजांपर्यंत पाठ आहे.

आशाताईंबद्दल लिहायचं तर वेगळा लेख लागेल. राज्यात त्या सुमारे सत्तर हजार. १५ सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली तेव्हा त्या दारोदार ताप आणि ऑक्सिजन मोजत फिरल्या, जून २०२१ मध्ये मानधनासाठी संपावर गेल्या, आणि मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांचा गौरव केला. आमच्या भागातल्या एका ताईनं आपलं सर्वेक्षणाचं रजिस्टर वरती जमा केलं, पण घरी एक शाळकरी वही ठेवली होती. तिच्यात घरांची यादी आहे आणि काही नावांसमोर बारीक फुली. मी विचारलं, फुली कशाची? ती म्हणाली, "ज्यांनी पाणी विचारलं त्यांची." मोहिमेच्या कुठल्याही तक्त्यात हा रकाना नव्हता. गावाची जात, गावाची भीती आणि गावाची माया, तिन्ही त्या फुल्यांतून वाचता येतात, आणि कोणत्या आळीत फुल्या जास्त आहेत हे बघितलं की माझ्यासारख्या गावातच हयात घालवलेल्या माणसालाही नवं काही कळतं. ती वही तिनं मला दिली नाही. योग्यच केलं. मी तिच्यासमोर पानांचे फोटो काढले, फोटोही तिच्या मुलीच्या नावानं ठेवले आहेत.

मेंढपाळांचं एवढंच सांगतो, की जी कुटुंबं मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी बाहेर गेली होती त्यांना त्या उन्हाळ्यात शेतात मेंढरं बसवायला कुणी देईना. गावाच्या वेशीला काटे लावलेले. त्यांच्या हकिकती अजून तालुक्यात कुणी नीट घेतलेल्या नाहीत, आणि त्या घ्यायला त्यांच्याबरोबर चालावं लागेल, ओट्यावर बसून मिळणार नाहीत.

आमच्या मातीत हे काम करून दाखवणारी दोन माणसं होऊन गेली. शंकरराव खरात आटपाडीचे. 'तराळ-अंतराळ' मध्ये त्यांनी आपल्या वडिलांचं तराळकीचं काम लिहिलं, विहिरीतल्या प्रेतावर पहारा देणाऱ्या आणि ते काढायला खाली उतरवल्या गेलेल्या बापाची हकिकत लिहिली. ती लिहिली नसती तर सरकारी कागदावर फक्त पंचनामा राहिला असता, 'प्रेत बाहेर काढले' एवढा, कुणी काढलं याशिवाय. आणि व्यंकटेश माडगूळकर, माडगुळ्याचे. त्यांनी 'माणदेशी माणसं' एकेक करून लिहिली. समाजशास्त्रात ज्याला नमुना म्हणतात तसा एकही माणूस त्यात नाही, प्रत्येकाला आपलं चालणं आहे, आपलं बोलणं आहे. मी माझ्या विद्यार्थ्यांना वही घेऊन पाठवतो तेव्हा ही दोन पुस्तकं आधी वाचायला लावतो, मग प्रश्न देतो.

प्रश्न साधे. 'कोरोनात कसं वाटलं' असं विचारलं की माणूस वर्तमानपत्रातली वाक्यं बोलायला लागतो. म्हणून विचारायचं, बंदी कळली तेव्हा हातात काय होतं? त्या रात्री काय खाल्लं? खिशात किती रुपये होते? पहिला फोन कुणाला केला? वाटेत कुणी गाडी थांबवली, कुणी नाही? गावात पहिलं कोण बोललं, किती अंतरावरून? उत्तर द्यायचं नसेल तर नाही म्हणायचा हक्क आधी सांगायचा. ऐकलेलं त्याच्याच बोलीत लिहायचं, प्रमाण भाषेत घासून लिहायचं नाही. खाली तारीख, ठिकाण, समोर आणखी कोण बसलं होतं ते. हे शेवटचं लिहायला मुलं विसरतात, आणि पोराच्या हकिकतीत मामा समोर होता की नव्हता यावर सगळं अवलंबून असतं.

मग ठेवायचं कुठं? सरकारी अभिलेखात कागदांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात. अ कायम जपायचा, ड थोड्या काळात नष्ट करायचा. शाळांतल्या विलगीकरणाच्या वह्या, गावसमित्यांच्या नोंदी, नाक्यावरच्या याद्या कुठल्या वर्गात बसवल्या जातात यावर २१२० सालच्या संशोधकाचं नशीब ठरणार आहे. ज्या ग्रामपंचायतींनी त्या अजून रद्दीत घातलेल्या नाहीत त्यांनी त्या कायम ठेवाव्यात, निदान फोटो काढून ठेवावेत, यासाठी मी आता जमेल त्या ग्रामसभेत बोलतो. काही ठिकाणी ऐकलं जातं. एका सरपंचबाईंनी शाळेची ती वही कपाटात घालून किल्ली स्वतःकडं घेतली. आमच्या वह्यांच्या तीन प्रती आहेत, एक माझ्या घरी, एक गावच्या वाचनालयात, एक पुण्याला माझ्या मुलीकडं. बाहेरच्या मोठ्या संग्रहात प्रत जावी असं मलाही वाटतं, पण मूळ प्रत आटपाडी तालुक्यातच राहायला हवी. पुढं इथल्याच एखाद्या मुलीनं इतिहासात पदवी घेतली तर आपल्या आज्याचं बोलणं ऐकायला तिला परवानगीचे अर्ज करत हिंडावं लागू नये.

काही पाकिटं मी बंद ठेवली आहेत. कोइमतूरच्या पोरानं पगाराबद्दल जे सांगितलं ते एका पाकिटात आहे. मामा हयात असेतोवर ते उघडायचं नाही, अशी त्याची अट. आता तो सव्विशीकडं झुकला आहे, दुसऱ्या राज्यात स्वतःचं लहान दुकान टाकलं आहे आणि गावचाच एक पोरगा कामाला ठेवला आहे. मागच्या दिवाळीला आला तेव्हा पाकिटात आणखी एक कागद घालायचा म्हणाला. मी तो न वाचता आत घातला, वर त्या दिवसाची तारीख टाकली, आणि त्याच्याकडं कामाला असलेल्या पोराचा फोन नंबर मागून घेतला.